बाबांचा स्वेटर आणि टिप्याची झूल

एका वाचकताईंचं पत्र असं आहे (थोडं आटोपशीर करून देते आहे):

"आम्ही ग्वाल्हेरच्या लश्कर भागात राहतो. घरात सासूबाई, आम्ही दोघं, मुलगा आणि टिप्या. टिप्या म्हणजे आमचा कुत्रा, देशी, आखूड केसांचा, अकरा वर्षांचा. तो खरा सासऱ्यांचा. पहाटे दोघं मिळून दूध आणायला जायचे. सासरे चैत्रात गेले. यंदा दिवाळी सरल्यापासून टिप्या रात्री कुडकुडतो आणि सकाळी त्याचे मागचे पाय आखडलेले असतात. पेटीत सासऱ्यांचे गरम कपडे आहेत. सासूबाईंनी विणलेला लाल हाफ स्वेटर, विकतचा राखाडी फुल स्वेटर, दोन फ्लॅनेलचे शर्ट आणि एक मफलर. यातलं एखादं कापून टिप्याला स्वेटर करते, असं मी म्हटलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पेटीचं झाकण लावलं आणि उठल्या. ह्यांचं म्हणणं, ऑनलाइन मागव आणि विषय संपव. त्याआधी मी मुलाचा जुना टीशर्ट टिप्याला घालून पाहिला होता. तो बराच वेळ जागचा हलला नाही, मग दातांनी फाडूनच काढला. काय करू? गल्लीतल्या कुत्रीला पाच पिल्लं झाली आहेत, उरलेल्या कापडात त्यांचंही काही होईल का? आणि फेब्रुवारीत भाचीचं लग्न आहे. तिला टिप्या शेरवानीत हवा आहे. – एक सून"

ताई,

तुम्ही न विचारलेल्या प्रश्नापासून सुरुवात करते. टिप्या कुडकुडतो तो थंडीनेच, हे ठरवलं कोणी? अकरा वर्षांचा कुत्रा म्हणजे म्हातारा. म्हातारा कुत्रा दुखण्यानेही कापतो, तापानेही कापतो. सकाळी मागचे पाय आखडतात म्हणता, तर सांध्यांचं दुखणं असणार असा माझा कयास. थायरॉइड मंदावला तरी कुत्र्याला इतरांपेक्षा जास्त गारठा वाजतो. तेव्हा कात्री हातात घ्यायच्या आधी त्याला एकदा जनावरांच्या डॉक्टरकडे नेऊन आणा. कुत्र्याचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट. त्यामुळे हात लावून "ताप आहे" किंवा "अंग गार पडलंय" हे आपल्याला कळत नाही. माणसाची दुखण्यावरची गोळी घरच्या घरी देऊ नका, हेही इथेच सांगून ठेवते. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात.

थंडी हे एक कारण असणार, यात मात्र मला शंका नाही. पौषात आपल्याकडे पारा चार-पाच अंशांवर येतो आणि जानेवारीतलं धुकं दुपारपर्यंत हलत नाही. अशा हवेत आखूड केसांच्या, म्हाताऱ्या, हडकलेल्या कुत्र्याला पांघरूण लागतंच. शेजारी "कुत्र्याला कपडे? काय थेरं!" म्हणतील, त्यांना म्हणू द्या. पण हेच मी पॉमेरेनियन किंवा जर्मन शेफर्डवाल्यांना सांगणार नाही. त्यांच्या अंगावर देवाने दुहेरी केस दिलेत, वर राठ आणि आत मऊ लोकर. त्यांना स्वेटर घातला की ते केस दबतात, त्यात गुठळ्या होतात आणि ऊब वाढण्याऐवजी कमी होते. पग, डॅशहंड, डॉबरमन, बहुतेक देशी, शिवाय कुठल्याही जातीची लहान पिल्लं आणि ऑपरेशनसाठी केस काढलेली कुत्री, यांना कापड हवं.

आता पेटीकडे येऊ.

सासूबाईंनी झाकण लावलं, तेच त्यांचं उत्तर. ते "नाही" आहे, निदान आजच्या घडीला. त्यावर वाद घालू नका आणि ह्यांना मध्ये घालू नका. दत्तजयंती जवळ आली आहे, तेव्हा दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात, हेही त्यांना ऐकवू नका. ते त्यांना तुमच्या-माझ्याआधीपासून ठाऊक आहे. कुत्र्याला कपडे करण्याला त्यांची हरकत दिसत नाही. त्यांना आवडलं नसेल ते त्या पेटीवर कात्री चालवणं. त्यातही लाल स्वेटर त्यांनी स्वतः विणलेला. गळ्याचे टाके किती उचलले, काखेत किती घटवले, ते अजून त्यांच्या बोटांत असेल. तो कापायचा विचार सोडून द्या. ज्यांना माणसाच्या मनाचं कारण पुरत नाही त्यांच्यासाठी शिवणाचं कारणही आहे. हातविणीचा स्वेटर मधून कापला की कापलेल्या कडेवरचा प्रत्येक टाका मोकळा होतो. मशीनच्या दोन टिपा मारून तो धरता येतो, पण कुत्र्याने एकदा दात लावला की टाक्यामागून टाका उसवत जातो आणि लोकरीचे धागे पोटात जातात. धागा आतड्यात अडकला तर ऑपरेशनशिवाय निघत नाही.

तुम्हाला मैत्रिणी सुचवतील की लाल स्वेटर उसवून, लोकरीच्या लडी करून, धुऊन-वाळवून सासूबाईंनाच टिप्यासाठी नव्याने विणायला सांगा, म्हणजे त्यांचंही मन रमेल. ऐकायला छान वाटतं. मी हे सुचवणार नाही. नवऱ्यासाठी विणलेलं उसवायचं की नाही, हे बाईने आपलं आपण ठरवावं. सुनेने त्याला उपक्रमाचं रूप देऊ नये. त्या आपणहून सुया मागतील तर आनंदच आहे.

तुम्ही एवढंच करा. चार दिवस जाऊ द्या. मग दुपारी, भांडी झाल्यावर वगैरे, सरळ विचारा: "आई, यातलं टिप्याला काय दिलं तर चालेल?" पेटी त्यांना उघडू द्या. राखाडी स्वेटर निघाला तर उत्तम. नुसता फ्लॅनेलचा शर्ट निघाला तरी काम होतं. काहीच निघालं नाही तर तुमच्या घरात दुसऱ्या पेट्या आहेतच की. आपला ग्वाल्हेरचा व्यापार मेळा १९०५ सालापासून भरतोय. दर दोन-चार वर्षांनी तिथून घरात एक नवा स्वेटर येतो आणि जुना काही बाहेर जात नाही. ह्यांच्या कपाटाचा तळ उपसून पाहा. बोहारणीला द्यायला बाजूला काढलेल्या साड्याही पाहा. चांगलं जुनं सुती पातळ भांड्यावर घालवण्यापेक्षा इथे लावा. आपल्याकडे बाळाचं पहिलं झबलं आजीच्या जुन्या लुगड्याचंच होतं ना? धुऊन धुऊन मऊ झालेल्या कापडाइतकं अंगाला सुख देणारं नवं कापड बाजारात मिळत नाही.

एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून पाहा. पेटीत डांबराच्या गोळ्या असणार. ही गोळी कुत्र्याच्या पोटात गेली तर रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, यकृतालाही इजा होते. कापूर ठेवला असेल तर तोही विषारीच. पेटीतला कपडा आधी झटका, खिसे उलटे करून पाहा, दोन-तीन दिवस गच्चीवर उन्हात टाका, मग धुवा. वास पूर्ण गेला की मगच कापा. पेटी उघडी असताना टिप्याला खोलीबाहेर ठेवा. आणि बाबांचा वास टिप्याला मिळावा अशी तुमची मनातून इच्छा असेल (पत्रात लिहिलं नाहीत, पण मला तसं वाटलं), तर डांबराच्या आणि साबणाच्या वासापुढे तो आता टिकणार नाही. टिप्याला ऊब पुरेल.

आता शिवण. टीशर्ट का फसला ते आधी पाहू, म्हणजे पुढचं सोपं होईल. माणसाचे हात खांद्यातून दोन बाजूंना निघतात, कुत्र्याचे पुढचे पाय छातीखालून सरळ खाली येतात आणि एकमेकांच्या जवळ असतात. माणसाच्या बाह्यांत ते पाय घातले की कापड काखेत गोळा होतं, पुढे छातीवर ताणतं आणि मागे पोटाखाली लोंबतं. पाऊल टाकलं की कापड ओढतं, म्हणून कुत्रा पाऊलच टाकत नाही. घरचे म्हणतात "बघा कसा शहाण्यासारखा उभा राहिलाय", फोटो काढतात. तो घाबरून थिजलेला असतो. जिभेने ओठ चाटणं, जांभया देणं, कान मागे पाडणं, या खुणा दिसल्या तर कपडा लगेच काढा. टिप्याने फाडला, त्याची चूक नाही.

शिवाय सांधे दुखणाऱ्या कुत्र्याला डोक्यातून घालायचा स्वेटर करूच नये. त्याचा एकेक पाय दुमडून भोकातून काढायचा, म्हणजे रोज सकाळ-संध्याकाळ त्याला दुखवायचं. त्याला झूल शिवा. पोळ्याला बैलाच्या पाठीवर घालतात तशी, फक्त गोंडे आणि आरसे वगळून. पाठीवरून टाकायची, एक पट्टा छातीवरून, एक पोटाखालून, झालं. टिप्याला उभं राहण्यापलीकडे काही करावं लागत नाही. झोपलेला असला तरी घालता येते.

मापं तीन घ्यायची आणि तीही तो उभा असताना. मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ. पुढच्या पायांच्या लगेच मागे, जिथे घेर सर्वांत जास्त, तिथे छाती. पट्टा बसतो तिथे मान. तुम्ही मापं कळवलेली नाहीत म्हणून मध्यम देशी कुत्र्याची धरते: पाठ १९ इंच, छाती २४, मान १५. तुमची वेगळी येतील, पण हिशेब हाच राहील.

झुलीची लांबी पाठीपेक्षा इंचभर कमी, म्हणजे १८. शेपटी मोकळी राहिली पाहिजे, तिच्या हालचालीवरच तर त्याचं अर्धं बोलणं चालतं. रुंदी छातीच्या दोन-तृतीयांश, म्हणजे १६. उरलेल्या आठ इंचांत पोटाचा पट्टा येतो. शिवणीला चारही बाजूंनी अर्धा इंच धरून १९ बाय १७ चा तुकडा कापा. मोठ्या माणसाच्या फुल स्वेटरची पाठ एवढ्याला आरामात पुरते. स्वेटरचा गळा टिप्याच्या गळ्याकडे ठेवा. मागचे दोन कोपरे गोल करा, कारण नर पाय वर करतो आणि चौकोनी टोक नेमकं तिथेच ओलं होतं. मानेकडच्या कडेला मधोमध उथळ अर्धगोल घ्या, नाहीतर कापड मानेवर चढून बसतं.

पट्टे बाह्यांतून निघतात. बाही उभी उसवून पसरली की लांबट तुकडा मिळतो. पोटाचा पट्टा १२ इंच लांब, ५ इंच रुंद. एक टोक झुलीच्या एका बाजूला पक्कं शिवायचं, दुसरं टोक पलीकडच्या बाजूवर तीन इंच चढवून बंद करायचं. तो पुढच्या पायांच्या मागे दोन बोटं सोडून यावा, त्याहून मागे नको. फार मागे गेला की नराची लघवी त्यावर पडते आणि ओलं कापड पोटाला चिकटून राहतं. ओल्या कपड्यापेक्षा उघडा कुत्रा बरा. छातीचा पट्टा चार इंच रुंद, लांबी थेट टिप्याच्या अंगावर मोजा. झूल पाठीवर टाकून पुढच्या एका कोपऱ्यापासून छातीच्या हाडावरून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत, अधिक तीन इंच. तो छातीच्या हाडावर बसला पाहिजे, नरड्यावर नाही. बंद केल्यावर कुठल्याही पट्ट्याखाली तुमची दोन बोटं सरळ जायला हवीत.

आधी वर्तमानपत्राचा बेत (कापायचा नमुना) कापून टिप्याच्या पाठीवर टाकून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, पण त्यात सगळं कळतं. कागद चुरगळल्याचा आवाज त्याला आवडला नाही तर जुन्या उशीच्या अभ्र्याचा बेत घ्या.

स्वेटर खऱ्या लोकरीचा आहे की ॲक्रिलिकचा, हे कापण्याआधी पाहा. शिवणीच्या आतून एक धागा काढून मोरीत, चिमट्यात धरून जाळा. लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि बोटाने चुरता येईल अशी राख होते. ॲक्रिलिक वितळतं आणि त्याची टणक गाठ होते. खरी लोकर निघाली तर तुमचं नशीब. ती कडकडीत पाण्यात साबण घालून चांगली चोळा, मग गार पाण्यात बुडवा. एरवी ज्याच्या नावाने आपण कपाळ बडवतो तेच इथे मुद्दाम करायचं. लोकर आटून नमद्यासारखी जाड होते आणि मग कापलेली कड उसवत नाही. अर्थात कापड लहान होतं, म्हणून मापं आटवल्यानंतर टाका. ॲक्रिलिक असेल तर हे चालणार नाही. मग खडूने खूण करून, खुणेच्या आतून मशीनच्या दोन टिपा मारायच्या आणि नंतरच बाहेरून कापायचं. आधी कापून मग शिवायला गेलात तर कड लाटेसारखी पसरते. साधी मशीन विणीच्या कापडावर टाके गाळते, त्यावर उपाय म्हणजे कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी ठेवून शिवा आणि शेवटी कागद फाडून काढा. मशीन नसेल तर हातटीप घाला (प्रत्येक टाका थोडा मागे घेत), धावदोरा नको, तो ताणला की तुटतो.

अस्तर हवंच. लोकर कुत्र्यालाही टोचते, ॲक्रिलिक थंडीत चटचट करून केस ओढतं. फ्लॅनेलच्या शर्टाची पाठ त्याच मापाची कापा, सुलट बाजू आत ठेवून तीन बाजू शिवा, उलटवा, चौथी बाजू हाताने बंद करा. शिवणी आपोआप मध्ये लपतात, अंगाला लागत नाहीत. शर्टाची बटणं, कॉलर, खिसा सगळं आधी काढून घ्या. बटण गिळलं जातं. चेन लावू नका, तिच्यात केस आणि कातडी अडकते. नाडी किंवा बंद नकोत, खाटेच्या पायात गुंतले तर फास बसेल. इलॅस्टिकही नको, ते दिवसभर आवळत राहतं आणि केसांमुळे वळ दिसत नाही.

बंद करायला टिचबटणं किंवा वेल्क्रोची पट्टी. दोन्ही महाराज बाड्यावरच्या बाजारात मिळतात. मी वेल्क्रोच्या बाजूने आहे, कारण थंडीत आखडलेल्या बोटांनी टिचबटण दाबताना आपण कुत्र्याच्या बरगड्या दाबतो, आणि पहाटे बाहेर नेण्याची घाई असली की तेही जमत नाही. वेल्क्रोची राठ बाजू झुलीवर, बाहेर तोंड करून लावा आणि मऊ बाजू वर येणाऱ्या पट्ट्याच्या आतून. उलटं केलंत तर राठ काटे केसांत रुततात. ती काढताना होणाऱ्या आवाजाला टिप्या बिचकेल. आधी दोन दिवस नुसता आवाज ऐकवा आणि दर आवाजाला पोळीचा तुकडा द्या. मग झूल जमिनीवर ठेवून वास घेऊ द्या. मग पाठीवर टाका, पट्टे न लावता. मग लावा, थोडा वेळ. घाई करून काही मिळत नाही.

पेटीतून काहीच आलं नाही तर गोधडीची झूल करा. जुन्या सुती साडीचे चार पदर, वर-खाली चांगले, आत विरलेले, आणि जवळजवळ धावदोरे. उलट मला तीच जास्त आवडते. पदरांमध्ये हवा कोंडते म्हणून उबदार, धुतली की गच्चीवर उन्हात एका दुपारी वाळते, आणि टिप्याने चावली तरी लोकरीसारखी उसवत नाही. जरीचा काठ मात्र काढून टाका.

झूल पहाटेच्या फेरीला आणि संध्याकाळी घाला. दुपारी उन्हात गच्चीवर पडला असेल तेव्हा काढा, कारण कुत्र्याला घाम मुख्यतः पंज्यांतून येतो, अंगातली बरीचशी उष्णता धापा टाकून बाहेर काढावी लागते. रात्री घरात अंथरूण जाड करा, झूल काढून ठेवा. रात्री तो अंग चाटतो, कूस बदलतो, आणि तुम्ही झोपेत असता. ॲक्रिलिक घातलेल्या कुत्र्याला हीटरजवळ किंवा सिगडीजवळ बसू देऊ नका. ठिणगी पडली तर ते पेटतं आणि वितळून कातडीला चिकटतं. बंद खोलीत सिगडी तर माणसांसाठीही ठेवू नये, तिच्या धुरात न दिसणारा विषारी वायू असतो. रोज झूल काढल्यावर काखा आणि छाती बोटांनी चाचपा, केस घासून गेलेत का, लाली आहे का. आठवड्याला धुवायची, म्हणून दोन शिवा. होळी पेटली की दोन्ही पेटीत, आणि या वेळी डांबराच्या गोळ्यांऐवजी वाळलेला कडुनिंबाचा पाला.

ह्यांच्या ऑनलाइनच्या सूचनेलाही मी हसणार नाही. विकतची झूल चांगली असते, तुमची वेळ वाचते. फक्त जातीच्या नावावरून माप निवडू नका, छातीचा घेर बघून घ्या. आपली देशी कुत्री छातीला भरलेली आणि पोटाला बारीक असतात, त्यामुळे तयार माप पुढे आवळतं आणि मागे लटकतं.

ज्यांच्या घरी लहानसं कुत्रं आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. छाती बारा इंचांच्या आत असेल तर स्वेटरची एक बाहीच पुरते. मनगटाची पट्टी म्हणजे गळा. पायांची भोकं बाजूला न पाडता पोटाकडे, जवळजवळ पाडा, आणि नराचा असेल तर पोटाकडची कड पाठीपेक्षा चांगली आखूड कापा.

गल्लीतल्या पिल्लांना कपडे करू नका. तुमचा हेतू चांगला आहे, पण त्यांचा कपडा संध्याकाळी कोण काढणार? ती गटारात उतरतात, दवात भिजतात, आठ-दहा दिवसांत वाढतात आणि कालचा सैल कपडा आज काखेत रुततो. एकमेकांच्या अंगावरची टोकं ओढून चघळतात ते वेगळंच. त्यांना कोरडी जागा हवी. एक बारदान घ्या, त्यात भाताचा पेंढा भरा (ग्वाल्हेरजवळच्या डबऱ्याकडे भात होतो, त्यामुळे तो मिळायला अडचण नसावी), आणि जिन्याखाली, जमिनीपासून वीटभर उंच, वाऱ्याकडे पाठ करून ठेवा. पेंढा ओल धरून बसत नाही. चिंध्या आणि जुन्या रजया ओल्या होतात आणि मग बर्फाच्या लादीसारख्या राहतात. चार दिवसांनी पेंढा बदला. मुलाला हे काम द्या, तो आनंदाने करेल. सकाळी स्कूटर किंवा गाडी काढण्याआधी खाली बघायला गल्लीत सगळ्यांना सांगा, गरम इंजिनाखाली पिल्लं शिरतात.

राहिली शेरवानी. भाचीचा हिरमोड करू नका, पण शेरवानी शिवूही नका. जर, टिकल्या, कडक अस्तर, वरून ढोल-ताशा आणि शंभर माणसं, त्यात आपला म्हातारा आखडलेल्या पायांनी फिरणार. तिच्या शालूच्या रंगाशी जुळेल अशा जुन्या साडीचा तिकोनी रुमाल करा, पट्ट्यावर ओवून घेता येईल असा, आणि सकाळी घरीच, हळद लागायच्या आधी, फोटो काढून घ्या. मांडवात त्याला नेऊ नका. कुणाच्या तरी सोबतीने घरी ठेवा, आणि जो थांबेल त्याला बजावून सांगा की लग्नाघरचं ताट त्याच्यापुढे सरकवायचं नाही. लाडवातले बेदाणे कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करतात आणि भाजीतला कांदाही त्याला बाधतो. त्याच्यासाठी मीठ-मसाला न घातलेला वरणभात वेगळा काढून ठेवून मग निघा.